टपावरची हळद

माझ्या गाडीच्या टपाला कुणी रेक्झिन म्हटलं की माझं डोकं फिरतं. विनाइल आहे ते, विनाइल! वडिलांनी स्वतः निवडून चढवून घेतलेलं, सायीच्या रंगाचं, बारीक कणाकणाचं. खाली गाडी गडद हिरवी, गिअर स्टिअरिंगलाच. शेवगावला त्यांचा दवाखाना होता, आणि आडगावी पेशंट बघायला ते हीच गाडी घेऊन जायचे. ते गेल्यावर भावानं गाडी विकायला काढली, तेव्हा मी तिथल्या तिथं किल्ली उचलली आणि गाडी चालवत श्रीगोंद्याला, माझ्या सासरी आणली.

तेव्हापासून तो टप मी तळहाताच्या फोडासारखा जपलाय. आमच्याकडे गाळप सुरू झालं की कारखान्याची काजळी अंगणात उतरते. ती कोरड्या फडक्यानं पुसली की टप काळा झालाच म्हणून समजा. आधी नुसतं पाणी सोडायचं, मग मऊ ब्रश, साधा शाम्पू, आणि शेवटी जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं कडेची पट्टी कोरडी करायची, कारण पाणी तिथंच मुरतं आणि आतला पत्रा गंजतो. प्लॅस्टिकचं कव्हर नाही, सुतीच. शेजारचा ड्रायव्हर डिझेलचं फडकं घेऊन आला होता एकदा, "बघा कशी चमकती" म्हणत. चमकते हो, आणि मग भेगा पडतात! त्याला मी फाटकातूनच परत पाठवलं. आणि ऊन तर गाडीला अजिबात नाही, कायम शेडमध्ये. आमचे हे म्हणतात, "एवढी सावली मला दिली असती तर मीही तरुण राहिलो असतो."

तर गेल्या वर्षी माझ्या दिराच्या मुलीचं लग्न ठरलं, नेवाशाला दिलं तिला. तिनं घरात जाहीर करून टाकलं, "मी सासरी जाणार ती मोठ्या आईच्या गाडीतनंच." मोठी आई म्हणजे मी. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण भाऊजींचं तोंड वाकडं. त्यांची नवी मोठी गाडी दारात उभी होती ना. म्हणाले, "वहिनी, पोरीची हौस हाय तर न्या. पण ते जुनाट टपाचं कातडं फाडून काढू, पत्र्याला झकास रंग मारू. पाहुण्यांत शोभलं पायजे."

"शोभतंय ते आत्ताही," मी म्हटलं. एकदा फाडलं की तसं विनाइल पुन्हा मिळायचं नाही. आणि वडिलांच्या आवडीची तेवढीच एक गोष्ट माझ्यापाशी उरली होती. मी काही ते फाडू देणार नव्हते.

खंडेनवमीला मी गाडी धुऊन अंगणात झाडाखाली लावली आणि बाजारात गेले. परत येऊन बघते तर काय! सासूबाईंनी गाडीची पूजा केलेली. बॉनेटला कुंकू, आरशांना झेंडूच्या माळा, इथवर ठीक. पण नातीच्या लग्नाची गाडी म्हणून त्यांनी स्टुलावर चढून टपाच्या मधोमध ओल्या हळदीचं हे एवढं थोरलं स्वस्तिक काढलं होतं. हळद सुकून कणाकणात उतरली होती.

"बघ, कशी लक्ष्मीवानी दिसती," त्या कौतुकानं म्हणाल्या.

"आत्याबाई, अहो काय करून ठेवलंत हे!" मी ओरडलेच. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "लई वंगाळ झालं का गं?" एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या. दुपारी जेवल्यासुद्धा नाहीत.

संध्याकाळी भाऊजी आले. त्यांना आयतंच कोलीत मिळालं. "थिनर मारू. न्हाईतर सरळ टप काढू. रंगारी ओळखीचा हाय, दिवाळी झाली की बोलावतो."

"थिनरची बाटली फाटकाच्या आत आणायची नाही," मी म्हटलं. "दिवाळीपर्यंत डाग गेला तर टप राहील. नाही गेला तर तुमचा रंगारी." तोंडातून शब्द गेला तो गेला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी साबण लावला. आणि अरे देवा! पिवळं स्वस्तिक बघता बघता लालभडक झालं. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. भाऊजी म्हणाले, "झालं कल्याण."

आणि मला एकदम हसू फुटलं. साबणानं हळद लाल होते, हे काय मला नवीन होतं? आजवर किती साड्यांवर बघितलंय! आणि दोरीवर उन्हात वाळत टाकली की साडीवरचा तो डाग आपोआप उडतो, हेही बघितलंय. टपाला पाहिजे होतं ते ऊन, ज्याच्यापासून मी त्याला जन्मभर लपवलं होतं!

पण अख्खा टप उन्हात घालायचा माझा जीव होईना. मग एका जाड चादरीला स्वस्तिकाएवढं भोक पाडलं, चादर टपावर ताणून बांधली, आणि रोज सकाळचं कोवळं ऊन तेवढ्या भोकातून दिलं. ऊन तापलं की गाडी परत शेडमध्ये. गल्लीतली माणसं फाटकाशी थांबून विचारायची, "काय हो, गाडीचं ऑपरेशन का?" मी म्हणायची, "हो, आणि पेशंट वाचणार!"

डाग आधी गुलाबी झाला, मग फिकट पिवळा. सासूबाई रोज चहाचा कप घेऊन बघायला यायच्या, पण गाडीला बोट लावायच्या नाहीत. भाऊबीज झाली आणि भाऊजी रंगाऱ्याला घेऊन हजर. मी चादर ओढून काढली. टप साईसारखा स्वच्छ! रंगाऱ्यानं वाकून, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, ह्याला कशाला हात लावायचा?" भाऊजी हसले, काय करणार! मी मात्र तिथंच टाळ्या वाजवल्या. लाज कसली त्यात?

लग्नाच्या दिवशी मी गाडी चालवत होते, मागं नवरानवरी, आणि माझ्या शेजारी नातीची पाठराखीण म्हणून सासूबाई. नेवाशाला दारात गाडी थांबली तशी माणसं गोळा झाली. नवऱ्या मुलाचे आजोबा टपावरून हळूच हात फिरवत म्हणाले, "काय झ्याक हाय! नवा बसवला का टप?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई खिडकीतून डोकं बाहेर काढून ठसक्यात म्हणाल्या, "न्हाई, जुनाच हाय. म्या हळद लावून उजळलाय त्यो."