अस्वलासाठी बंदूक

आमचे शेजारी चिंचोळी एमआयडीसीतून कामावरून आले, की चहा घेऊन फाटकाशी खुर्ची टाकतात आणि बंदूक निवडायला बसतात. कधीतरी जंगलात तंबू ठोकून राहायचं आणि अस्वल आलंच तर तयारीत असायचं, एवढंच त्यांचं स्वप्न. परवाना नाही, जंगलही पाहिलेलं नाही.

"रायफल लांबून बरी हो सर, पण अस्वल काय लांबून येतंय व्हय? जवळून मारायला बारा बोअरची छऱ्याची बंदूकच पायजे की!" म्हणत ते बशी खाली ठेवतात आणि नेम धरून दाखवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा रायफल.

परवा त्यांच्या मेव्हण्याच्या शेतात हुरडा खायला गेलो. नवा तंबू त्यांनी हौसेनं उभारला. तेवढ्यात ज्वारीत काहीतरी मोठं खसफसलं. मी सरळ तंबूत शिरलो. ते मात्र उठून ज्वारीत घुसले आणि एका रेडकाला कान धरून बाहेर घेऊन आले.

"रेडकू हाय हो सर. अस्वल असतं तर बारा बोअरच लागली असती की!"

आत घुसताना त्यांच्या हातात फक्त भाजलेलं कणीस होतं. हे मी त्यांना बोललो नाही. बोललो, तर संध्याकाळी फाटकाशी बसून आम्ही काय निवडणार?