मुलुंडच्या मवालिमू

वनमालाकाकू तीन महिने दिसल्या नाहीत, तेव्हा आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ठरूनच गेलं की त्या सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेल्यात. सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाका तर लिफ्टमध्ये घसा खाकरून, दर शब्दावर शिक्का मारल्यासारखं सांगायचे, "न्यू जर्सी. मुलगी झाली. वजन उत्तम."

यातलं खरं एवढंच, की काकू परदेशात होत्या. त्यांचा सुयोग बोरिवलीत राहतो आणि त्याचं लग्न अजून ठरायचंय. काकू गेल्या होत्या टांझानियाला, मवान्झा शहराबाहेरच्या एका शाळेत, पोरांना फुकट कॉम्प्युटर शिकवायला. साकीनाक्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात त्यांनी जन्मभर कॉम्प्युटरवर बिलं बनवली. रिटायर झाल्यावर घरात जीव रमेना. एका संस्थेला स्वयंसेवक हवे होते, ह्यांनी अर्ज ठोकला.

पण तिकडे बोलायचात कसं, असं मी त्या परत आल्यावर विचारलं, कारण काकूंचं इंग्रजी थेट मालवणहून येतं. "डोन्ट फियर, गो" हे त्यातलं बऱ्यापैकी शुद्ध वाक्य. तर म्हणाल्या, पोरांचंही तसंच आहे, म्हणून तर झकास जमलं. पोरं त्यांना मवालिमू म्हणतात, म्हणजे शिक्षिका.

परत आल्या त्या मात्र एक घोर घेऊन. तिथल्या हेडमास्तरांचा त्या जुन्या मशीनांवर काडीचा विश्वास नाही. काकूंच्या पाठीमागे एक जरी अडलं, तरी खोलीला कुलूप लावीन, असं त्यांनी बजावलंय. खोली सांभाळते नीमा नावाची विद्यार्थिनी, माझ्याच वयाची. दर शनिवारी ती फोन करते आणि तो वाजेपर्यंत काकूंच्या घशाखाली चहा उतरत नाही.

आता, काकूंचा आवाज मला हुबेहूब काढता येतो. खुद्द सुयोगदादाने फोनवर मला "आई, जेवलीस का?" असं विचारलंय. म्हणून एका शनिवारी मी पैज लावली, की आज मी बोलते, नीमाला पत्तासुद्धा लागणार नाही. जिंकले तर दर रविवारी काकूंच्या हातचे घावणे. हरले तर महिनाभर नक्कल बंद.

कॅमेरा बंद ठेवून फोन घेतला. नीमा रडवेली. प्रिंटर कोरेच कागद बाहेर टाकत होता, पालकांना वाटायची पत्रकं छापायची राहिली होती आणि हेडमास्तर कुलूप घेऊन दारात उभे. काकूंनी फोनसाठी हात पुढे केला, पण मी आधीच त्यांच्या सुरात सुरू झाले होते. डोन्ट फियर गो, बंद कर, परत चालू कर, सगळं ठीक होईल.

"तू कोण आहेस?" नीमा म्हणाली. "मवालिमू असं पटकन सांगत नाहीत. त्या आधी विचारतात, शेवटचं काय बदललंस." आणि ती मधेच थांबली. सकाळीच तिने प्रिंटरला नवी शाईची डबी बसवली होती.

डबी काढल्याचा खटका ऐकू आला, मग चर्रकन पट्टी ओढल्याचा. नव्या डबीवरची, शाई अडवणारी पट्टी काढायचीच राहिली होती यार. जरा वेळाने प्रिंटर घरघरला, पोरं ओरडली आणि त्या गलक्यात एक जाड आवाज हसला, तो हेडमास्तरांचा.

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"हरलंस गो," त्या म्हणाल्या. "आता महिनाभर तुझ्याच आवाजात बोल. बघूया कसो लागता तो."