सिस्टर सुजातांची ओळ

दर सहा महिन्यांनी ऑफिसात नवं टूल येतं. वाजतगाजत येतं, जुन्याची उणीदुणी काढतं आणि सहा महिन्यांत स्वतःच जुनं होतं. नल्लकुंट्याच्या नागसेनसरांनी अशी पंचवीस वर्षं काढली. नव्याला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. खोड एकच. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये काही बदलायचं झालं, की ते वापरणाऱ्या माणसाला आधी फोन लावायचे आणि कोडच्या त्या ओळीवर कारण नि त्याचं नाव लिहून ठेवायचे.

पुण्याहून आलेला टीम लीड सौरभ तिशीचाही नव्हता. त्याला हा सगळा रिकामा उद्योग वाटायचा. टीममधून एक माणूस कमी करा, असं वरून वैशालीमॅडमनी सांगितलं, तेव्हा त्याने फॉर्मवर नागसेनसरांचं नाव लिहूनही टाकलं. कारण : 'काम मंद.' पाठवायचं तेवढं राहिलं होतं.

त्याच सकाळी त्याने नव्या एआय टूलला जुना कोड साफ करायला सांगितला. दहा मिनिटांत चारशे ओळी गायब, सगळ्या चाचण्या पास! फक्त दुसऱ्या कुणाची तरी मंजुरी हवी, म्हणून काम नागसेनसरांकडे गेलं. तीन वाजले तरी उत्तर नाही. सौरभ तणतणत त्यांच्या टेबलाशी गेला.

"सर, अजून किती वेळ?"

"बस रे." सरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "एवढी एक ओळ नक्को काढू."

त्या ओळीवर टीप होती : 'वॉर्डात एकाच नावाच्या दोन पेशंट असल्या, तर औषधाआधी वय आणि गाव विचारायचं. सिस्टर सुजाता, निझामाबाद. त्यांच्या हातून भलतीलाच इंजेक्शन जाता जाता राहिलं.'

"पण चाचण्या पास झाल्या ना?"

"चाचणीत एका वॉर्डात दोन लक्ष्मी टाकायला मीच विसरलो होतो. चूक माझी. आत्ता टाकल्या. चालवून बघ."

सौरभने चालवलं. साफसूफ कोडने एका लक्ष्मीचं इंजेक्शन बिनदिक्कत दुसरीच्या नावावर टाकलं. साफ कर म्हणून टूलला त्यानेच तर सांगितलं होतं.

"टूल चांगलं आहे रे," सर म्हणाले. "बाकीच्या ओळी उडवल्या, बरंच केलं. मलाच कंटाळा आला होता त्यांचा. पण सुजाताबाई त्याला कुठं भेटल्यात?"

आणि हसून चहा सांगायला उठले. चूक पकडल्याचा तोरा नाही, टोमणा नाही. असा माणूस आपण मंद ठरवला, याची सौरभला मनापासून लाज वाटली.

जागेवर येऊन त्याने फॉर्म उघडला. सरांचं नाव खोडलं. नावाचा रकाना रिकामाच ठेवून कारणाच्या जागी लिहिलं : 'या टीममधून कुणालाच कमी करता येणार नाही. नागसेनसरांना मंद म्हणणार होतो. आज त्यांनी माझ्या हातून होणारा अनर्थ अडवला.'

फॉर्म मागत नव्हता, तरी सरांच्या टिपांसारखंच कारणाखाली नाव घातलं : सौरभ, टीम लीड. मग पाठवून दिला.