कारवानी, मुधोळ आणि आमची हरणी

आबांनी गाव सोडलं तेव्हा गाडीत त्यांच्या आधी हरणी चढली. आबांच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, आई वारलेली, मला भाऊ नाही. डॉक्टर म्हणाले, यांना शहागडला एकटं ठेवू नका. मी पुण्याहून न्यायला आले तर आबा ओट्यावरून हलेनात. "माय, येतो मी. पर हिला सोडून बिलकुल न्हाई." हरणी म्हणजे आमची कारवानी कुत्री. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. उसात रानडुकरं घुसली की सुटायची ती दिसायचीसुद्धा नाही. तिची आई, तिची आजी आमच्याच अंगणात जन्मलेल्या.

तुम्ही गावी राहिलात, तुम्हाला वाटतं पुण्यात लेकीकडे गेलेला म्हातारा सुखात असतो. तुम्ही माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला खरं ठाऊक आहे, पण आपण फोनवर ते सांगत नाही. म्हणून लिहितेय.

आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात. "मॅडम, रस्त्यावरची कुत्री इथे चालत नाहीत."

"रस्त्यावरची नाही, घरची आहे."

"दिसतंय ना, नुसती हाडं. ठेवायचीच तर लिफ्टमधून न्यायची नाही. लोक तक्रार करतात."

त्यांचा स्वतःचा लॅब्रॅडॉर रोज त्याच लिफ्टमध्ये अंग झटकायचा. मी भांडले, ग्रुपवर लिहिलं. माझ्या मेसेजखाली शुकशुकाट, सेक्रेटरींच्या उत्तराखाली अंगठ्यांची रांग. हरणीला मी जिन्यानं न्यायला लागले. पण मी कामाच्या कॉलवर बसले की आबा गुपचूप तिचा पट्टा हातात घ्यायचे. माझा खोळंबा नको म्हणून.

एका दुपारी वॉचमनचा फोन आला. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात आबा कठडा धरून बसले होते. ओठ काळेनिळे. हरणी त्यांना अंग लावून उभी, कुणाला जवळ येऊ देईना. वरून एक बाई ओरडली, "आधी ते कुत्रं आवरा!" आधी कुत्रं. मी आबांना कसं खाली नेलं, मलाच आठवत नाही. ते वाचले.

ते दवाखान्यात असताना हरणीनं खाणं टाकलं. तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं तर ते खुर्चीतून उठलेच. "कॅरव्हॅन हाउंड! इतकी शुद्ध कुठे मिळाली?" आमच्याच सोसायटीतले एक निवृत्त मेजर तिथे आले होते, मूळचे बेळगावचे. ते म्हणाले, "डॉक्टर, मुधोळ म्हणा." दोघं हसत हसत वाद घालायला लागले. मी मध्येच म्हणाले, "आमच्याकडे कारवानी म्हणतात."

"तेच हो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. ही कुत्री फार पूर्वी उत्तरेकडच्या काफिल्यांबरोबर दख्खनेत आली असं मानतात, म्हणून गावोगाव कारवानी. साहेबाच्या कानानं त्याचं कॅरव्हॅन केलं. मुधोळच्या राजांनी ती जोपासली, विलायतेच्या राजाला भेट पाठवली, म्हणून कर्नाटकात मुधोळ. पुढे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या एका संस्थेनं एक नाव धरलं, दुसरीनं दुसरं. अंगावर रेशमी केस असले तर पश्मी, उर्दूतल्या पश्मवरून. पश्म म्हणजे लोकर. ज्यानं जिथं पाहिली त्यानं तिथलं नाव दिलं. मी ऐकत होते आणि डोकं तापत होतं. कारण पाचवं नाव आमच्या सोसायटीनं दिलं होतं, रस्त्यावरची. आणि त्या नावानं माझा बाप जिन्यात बसवला होता.

मेजरांनी कौतुकानं हरणीचा फोटो ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तेच अंगठेवाले लिहीत होते, 'वॉव, रॉयल ब्रीड!' आबा घरी आले त्या दिवशी सेक्रेटरी पेढे घेऊन हजर. "काका, आधी सांगायचं ना, ब्रीड आहे म्हणून! न्या लिफ्टनं खुशाल. आणि पिल्लं झाली तर एक आमच्यासाठी ठेवा हं."

आबा सोफ्यावर टेकून बसले होते. "साहेब, त्या रोजी बी हीच व्हती. आन् मी बी."

सेक्रेटरी हसले. मी पेढ्यांचा बॉक्स परत त्यांच्या हातात दिला. "माझ्या बापाची ब्रीड सांगायची राहिली का?"

"मॅडम, विषय कुठे नेताय?"

मी दार लावून घेतलं.

आबांनी त्याच आठवड्यात धोशा लावला, "जल्दी घरी सोड मला."

"तिथं रात्रीतून काही झालं तर? डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना?"

"मंग काय झालं? हितं काय कमी झालं?"

मला माझाही राग आला, आबांचाही आला. शेजारच्या अंगणातला आतेभाऊ रात्री त्यांच्या सोबतीला झोपायला तयार झाला, तेव्हा मी गाडी काढली.

आबा आता रोज सकाळी हरणीसोबत सावकाश शेतापर्यंत जाऊन येतात. रस्त्यात कुणी ना कुणी विचारतं, "आबा, कशी हाय तब्येत?" कुत्रीबद्दल कुणी विचारत नाही. तिच्यात विचारण्यासारखं काय आहे, असंच सगळ्यांना वाटतं.

आणि मी? पुण्यातच आहे. पगार इथे आहे, हप्ते इथे आहेत. पण सातव्या मजल्याला मी फ्लॅट म्हणते, घर म्हणत नाही. कुणी विचारलं, घर कुठं, तर शहागड सांगते. "म्हणजे विदर्भात का?" असं समोरच्यानं विचारलं की मी "न्हाई, मराठवाड्यात" म्हणते. कॉलेजात लोक हसायचे म्हणून मी ते न्हाई सोडलं होतं. आता मुद्दाम मोठ्यानं म्हणते, आणि समोरचा हसतो का ते बघत उभी राहते.