काकूंनी कोरलेला ळ

"यातले मिरवायचे शब्द कोणते?" मजकूर हातात पडला की काकू चष्मा कपाळावर सरकवून आधी हेच विचारायच्या.

देवासला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा छापखाना होता. बाकीचा मजकूर आता संगणकावर होई, पण मथळ्यासाठी त्या सासऱ्यांच्या वेळची लाकडी अक्षरं काढत. तुम्हीही जुन्या लग्नपत्रिकांवर तसली पाहिली असतील. शिरोरेषेवर वेल चढलेली, प्रत्येक काना खाली पानात संपलेला.

ती कुठेही वापरायला मात्र काकूंची साफ ना असे. एका तरुणाला बहिणीची अख्खी पत्रिका त्याच अक्षरांत हवी होती. काकूंनी शांतपणे समजावलं, "भिया, घरातल्या सगळ्याच बायका शालू नेसून बसल्या तर दुल्हन कौनसी, कसं कळणार?" तो हसला आणि नवरा-नवरीच्या नावांवर राजी झाला. शोकपत्रिकेसाठी तर त्या या अक्षरांची पेटी उघडतही नसत.

नोकरीमुळे मी आईला घेऊन धारला गेले. तिला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा निमंत्रणपत्रिकेसाठी मुद्दाम काकूंकडे आले. आईचं नाव मंगळा. काकूंनी पेटी दोनदा धुंडाळली आणि हात पुसत बसून राहिल्या. अक्षरं हिंदी जाहिरातींसाठी घडवलेली, त्यांत ळ नव्हताच.

ल चालेल, मी म्हटलं. शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत आई मंगलाच होती, तिलाही सवय झाली होती.

"माहेरी हाक कशी मारायचे तिला?"

"मंगळा."

"मग तेच छापायचं."

सुताराकडून शिसवीचा तुकडा आणून त्यांनी स्वतः ळ कोरायला घेतला, तोही उलटा, कारण छापल्यावर तो सुलट उमटायचा. पहिला पानापाशी चिरला. दुसरा जमला, पण त्याचं पान जरा जाड झालं, म्हणून त्यांनी फोनवर माझी माफी मागितली.

पत्रिका पाहून आई नावावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला देवासला ने."

तिथे दोघी चहा पीत गुडघ्यांविषयी आणि लोणच्याविषयी बोलल्या. पत्रिकेचा विषयच निघाला नाही. निघताना काकूंनी ती अक्षरं पुन्हा जुळवली, लाल शाई लावली आणि मोठ्या पिवळ्या कागदावर नुसतं 'मंगळा' छापून आईच्या हातात दिलं. शाई ओली होती. धार येईपर्यंत आईने तो कागद घडी न घालता मांडीवर धरला होता.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यांच्या लेकीने अक्षरांची पेटी आपल्याकडे नेली. छापखान्याच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. दुकानदाराने भिंती रंगवल्यात, पण दाराची चौकट तशीच ठेवली आहे. तिच्यावर कमरेच्या उंचीला शाईचा काळा पट्टा आहे. घरी जायला निघताना काकू तिथे बोटं पुसायच्या.