'अहो' म्हणजे कोण?

किल्लीवाल्यांना बायकोचा संशय येत होता. गैरसमज नको; या वयात तसला संशय घ्यायला त्यांचं डोकं फिरलं नव्हतं. ती विसरायला लागली आहे, एवढंच त्यांना वाटत होतं, आणि तसं बोलून दाखवलं की लोक त्यांनाच हसत.

हसणारच. जन्मभर कुलपं दुरुस्त करणारा हा माणूस, तोंडालाही कुलूपच. बायको टेलिफोन ऑफिसातली. निवृत्त झाली तरी जिभेची ड्यूटी काही सुटली नव्हती. गल्ली तिला 'एक्सचेंज' म्हणायची. ती कशी विसरेल?

पण किल्लीवाले कान लावून ऐकत. नात आली की 'आमचं पाखरू', शेजारीण आली की 'अगं बाई', जावई आला की 'आमचे पाहुणे'. बरेच दिवस तिच्या तोंडून एकाचंही नाव निघालं नव्हतं. कुणी काही विचारलं की ती उलट म्हणे, "तूच सांग, तुला काय वाटतं?" समोरचा खूश होऊन बोलत सुटे. किल्ली झोकात फिरत होती, आतला खटका सरकत नव्हता.

त्यांनी लेकीमागे लकडा लावला. शेवटी ती दोघांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. एक्सचेंजने पाचही घडाघडा म्हणून दाखवले. किल्लीवाल्यांना दोन आठवले.

"बाबांकडे लक्ष ठेवा," बाई लेकीला म्हणाल्या.

"आणि हिचं काय?" किल्लीवाले हट्टाला पेटले.

"बायकांची शब्दांची शिल्लक बऱ्याचदा जास्त असते. सुरुवातीची गळती अशा चाचणीत लपूही शकते. काही महिन्यांनी पुन्हा बघू."

लेकीच्या डोक्यात मात्र बाईंचं पहिलंच वाक्य बसलं. घरी येताच तिने दाराची किल्ली बाबांकडून काढून आईला दिली. किल्लीवाल्याच्या हातून किल्ली गेली! ते दोन दिवस धुमसत होते.

मग एका दुपारी त्यांनी बायकोला सरळच विचारलं, "माझं नाव सांग बघू."

"इश्श! जन्मभर 'अहो' म्हटलं ते पुरलं नाही का? म्हातारपणी हे काय खूळ!" ती खळखळून हसली. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण हीसुद्धा बगल दिली असली तर?

तेवढ्यात गॅसची शेगडी दुरुस्त करणारा आला.

"अहो, किती वाट बघायला लावायची माणसाने!" म्हणत तिने त्याला किल्लीवाल्यांच्या कपातून चहा दिला. स्वर तोच, लाडिक, घरचा. शेगडीवाला ओशाळून हसला आणि काम उरकून निघून गेला.

किल्लीवाले उठून उभे राहिले. आपलंच खरं म्हणून ते इतके दिवस भांडले होते. आता आपलं खोटं ठरावं, असं त्यांना कळवळून वाटलं.

दार लावून ती वळली. त्यांना उभं पाहून अदबीने म्हणाली, "बसा ना. आमचे हे आत्ताच बाहेर गेलेत. येतीलच एवढ्यात."

किल्लीवाले खुर्चीच्या कडेवर बसले.