साडूंचा कर्नल पडला

स्वतःच्या हातचं काम बिघडलेलं पाहून ज्याच्या चेहऱ्यावर तेज चढतं, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. तुमच्याआमच्या घरातला पंखा बंद पडला की आपण चडफडतो. साडू मात्र खुर्ची ओढून त्याच्याखाली बसतात आणि आजाऱ्याची चौकशी करावी तशा मायेने विचारतात, "बंद पडायच्या आधी नेमकं काय झालतं?" हा प्रश्न त्यांनी कुठे विचारला नाही? माझ्या मेहुण्याच्या लग्नात मांडवाचा एक कोपरा खाली आला. सगळे वऱ्हाडी बाहेर पळाले आणि साडू आत धावले. मांडव पुन्हा उभा करून घेतला आणि सासऱ्यांना म्हणाले, "मामा, मघाशी टेकला होतात तसंच टेका बरं त्या खांबाला." सासरे भिडस्त. ते टेकले. मांडव पुन्हा पडला. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव कनातीखालून बाहेर काढला जात असताना साडू टाळ्या वाजवत होते, "सापडलं! सापडलं!"

साडू पुण्याला एका कंपनीत संगणकाच्या अगदी पोटातलं काम करायचे. वडील थकले म्हणून ते धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या आपल्या गावी परतले, आणि वर्षामागून वर्ष पाऊस रुसला. विहिरी खडखडीत. गावची दूध सोसायटी टँकरचं पाणी एका टाकीत ओतायची आणि चेअरमनचा पुतण्या ते वाटायचा. पुतण्याची गल्ली आधी भरायची, वेशीबाहेरच्या धनगरवस्तीच्या वाट्याला टाकीच्या तळाचा गाळ यायचा. साडूंनी सोसायटीच्या सभेत उभं राहून सांगितलं, "मी यंत्र बसवतो. घरटी एक कार्ड. कार्ड घातलं की ठरलेलं पाणी, नळ आपोआप बंद. नातं न्हाई, गल्ली न्हाई." सभेने टाळ्या वाजवल्या.

आता अशा यंत्रासाठी तयार प्रणाली मिळते. पण दुसऱ्याने शिजवलेल्या वरणातसुद्धा साडू आधी चमचा घालून बघतात. त्यांनी सगळं स्वतः लिहिलं, अगदी कर्नलसकट. कर्नल म्हणजे यंत्रातल्या सगळ्या प्रोग्रॅमच्या मुळाशी बसलेला कारभारी. कुणाला मेमरीत किती जागा द्यायची, काम झालं की ती कधी मोकळी करायची, हे तो ठरवतो. साडूंनी हे गावाला तासभर समजावलं. गावाला एवढंच समजलं, की टाकीवर मिलिटरीतला कोणी कर्नल बसणार आहे. चेअरमननी उद्घाटनाला त्याच्यासाठी वेगळी खुर्ची मांडली आणि ती शेवटपर्यंत कुणाला बसू दिली नाही.

यंत्र झकास चाललं, आणि मग पडायला लागलं. मध्येच पडदा काळा व्हायचा, नळ बंद, घागरी रिकाम्या. साडू ते पुन्हा चालू करायचे, ते पुन्हा पडायचं. "कर्नल पडला!" असा पुकारा झाला की म्हाताऱ्या हळहळायच्या, "वय झालं आसंल बिचाऱ्याचं." तेव्हा मी सुट्टीला तिथेच होतो. भर उन्हात बायकांची रांग नळ चालू राहावा म्हणून देवाला हात जोडायची आणि साडू शेजारी उकिडवे बसून पुटपुटायचे, "पड बाबा, माझ्यादेखत एकदा पड." ते बघत असले की मात्र यंत्र पडायचं नाही. एकदा चहाला म्हणून उठले तेवढ्यात पडलं, तर कप टाकून नाचत आले. त्या दिवशी एका बाईने त्यांच्या दिशेने भिरकावलेल्या कळशीचा पोचा अजून अक्का, म्हणजे त्यांची बायको, पाहुण्यांना दाखवते.

शेवटी चेअरमन म्हणाले, "साहेब, बाजाराच्या दिवसापर्यंत बघतो. न्हाई जमलं तर काढा हे खटलं. आमचा पुतण्या हायच की." धनगरवस्तीची माणसं हे ऐकून रिकाम्या घागरी उचलून निघाली, आणि साडू त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यांनी यंत्र सोडलं आणि माणसं बघायला सुरुवात केली. बाजाराच्या आदल्या सकाळी सोजरबाईचा नंबर आला. सोजरबाई धनगरवस्तीवरची, मागे तहानलेली मेंढरं बें बें करत उभी. तिने कार्ड घातलं आणि पाणी सुरू होताच झटकन ओढून कनवटीला लावलं. रांगेतल्या मागच्याने आपलं कार्ड घातलं आणि पडदा काळा झाला.

साडू ताडकन उठले. "मावशी, कार्ड आसं कावून ओढलं?"

"आपलं कार्ड दुसऱ्याच्या तोंडात लई येळ ठिवायचं न्हाई. रेशनवाल्यानं मागं माझं गिळलंच की."

चेअरमन ओरडले, "हिच्यामुळं बिघडायलंय व्हय! उद्यापून हिला रांगंत घिऊ नका."

सोजरबाईचा चेहरा पडला. तिने घागर उचलली. साडू तिच्या आडवे गेले. "ती न्हाई चुकली. माणूस हाय, ओढणारच कार्ड. कर्नलनं पडायचं कावून?" मग हात जोडून म्हणाले, "मावशी, तेवढं पुन्हा एकदा ओढा. तस्संच."

सोजरबाईने ओढलं, मागच्याने आपलं कार्ड घातलं, यंत्र पडलं. परत चालू केलं, परत ओढलं, परत पडलं. प्रत्येक वेळी साडू तिच्या पाया पडायचे आणि मेंढरं दचकायची. भानगड साधी निघाली. कार्ड ओढलं की कर्नल त्या बाईची मेमरीतली जागा मोकळी करून मागच्या गिऱ्हाइकाला द्यायचा. मग नळ बंद करणारा भाग येऊन तीच जागा पुन्हा मोकळी करायचा. मागच्याच्या पायाखालची जमीनच जायची, आणि सगळा डोलारा कोसळायचा.

दुपारपर्यंत साडूंनी टाकीच्या सावलीत बसून ते दुरुस्त केलं आणि गावाला हुकूम सोडला, "ओढा!" अख्खं गाव कार्डं ओढायला लागलं. बायका ओढत होत्या, म्हातारे ओढत होते, चेअरमननी तर दोन्ही हातांनी ओढलं. नळ वाहत राहिला, आणि मेंढरं नळाखालच्या पन्हळीला तोंड लावून प्यायली. पुतण्या रांगेत शेवटी उभा राहिला.

पुढे पाऊस झाला, धरणावरून पाइपलाइन आली, घरोघरी नळ आले. परवा गेलो तेव्हा अक्का म्हणाली, "सकाळी उठून टाकीकडंच जातेत बघा." मीही गेलो. कोरड्या टाकीपाशी साडू एकटेच बसले होते. म्हणाले, "पाव्हणं, घरात पाणी आलं ते ब्येसच झालं. पण रोज इथं सगळं गाव दिसायचं. आता कोण आजारी हाय तेबी कळत न्हाई."

रस्त्याने सायकलवरून जाणाऱ्या कुणीतरी पाय टेकवून विचारलं, "काय साहेब, काय बिघडलं?"

साडूंनी क्षणभर आशेने वर पाहिलं. मग हळूच म्हणाले, "काई न्हाई रे. समदं चालू हाय."